कालचं पाणी

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. त्यानंतर शाळेत पाऊल टाकलं ते एकदम सत्तरीत, नातीच्या सहावीच्या वर्गात. मधली कितीतरी वर्षं मी कसबा पेठेत पाणीखात्याचा चावीवाला होतो. रस्त्यातलं झाकण उचलायचं, छातीइतकी लांब लोखंडी चावी आत घालायची आणि फेरे मोजत फिरवायची, की गल्लीला पाणी सुटायचं. कुठल्या गल्लीला किती फेरे, हे कागदावर कुठंच नव्हतं. ते माझ्या हातात होतं. उशीर झाला की लोक शिव्या द्यायचे, आणि दसऱ्याला तेच लोक सोनं द्यायला यायचे.

नातीच्या वर्गात जगातल्या पिण्याच्या पाण्यावर काहीतरी प्रकल्प चालला होता. तिनं बाईंना सांगून टाकलं, "माझ्या आबांना पाण्यातलं सगळं कळतं." झालं, बाईंचं बोलावणं आलं.

मुलगा म्हणाला, "आबा, तिथं कुणाशी वाद घालू नका."

"मी वाद घालत नाही. लोक चुकतात, मी सांगतो."

सून पदराआड हसली. पण खरं सांगतो, माझी फजिती झाली असती तर मी पचवली असती. पोरीनं चारचौघांत माझ्या नावानं शब्द टाकला होता, तिची मान खाली जायला नको होती.

वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यावरची बारीक अक्षरं मला लागेनात. बाई सांगत होत्या, की कितीतरी देशांत तुमच्याएवढ्या मुली लांबून पाणी आणतात, आणि तेही गढूळ. बाई चांगलं सांगत होत्या, पण मागच्या बाकांवर जांभया चालल्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, यांना जरा मैदानावर नेतो."

नळाचा भरवसा मी कधीच धरत नाही. आदल्या संध्याकाळीच शाळेच्या शिपायाला निरोप देऊन एक मोठा हंडा भरून झाकून ठेवला होता. त्यातून एक कळशी भरली आणि म्हणालो, एकेकानं मैदानाला फेरी मारायची, थेंब सांडायचा नाही.

"आबा, ट्रॉली नाही का?" एक जाडसर पोरगा म्हणाला.

"आहे की. तुझी कंबर."

सगळे खिदळले. दोन फेऱ्यांत हसू संपलं. कुणाचा सदरा भिजला, कुणाचा हात भरून आला. शेवटी कळशी माझ्याकडे आली तेव्हा अर्धीच होती. मी मूठभर माती उचलून तिच्यात टाकली.

"हं, प्या आता."

"ई!"

"तिकडच्या पोरींना ई म्हणायची सोय नाही. एवढं चालून आणलेलं टाकतील कुठं?"

नात बाईंकडे बघून हसली. माझी छाती चांगली दोन बोटं फुगली.

तेवढ्यात घंटा झाली. मोठ्या हंड्यात अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं. मी तो उचलला, गटारात पालथा केला आणि विसळायला नळाखाली धरला. रोज सकाळी घरी करतो तसंच, हाताच्या सवयीनं.

दोन वेण्यांची एक बारकी मुलगी जवळ येऊन म्हणाली, "आबा, ते पाणी घाण होतं?"

"नाही गं. शिळं होतं. कालचं."

"मग त्याला काय झालं होतं?"

आमची आई ओतायची. मीही ओततो. कसब्यात मी चावी फिरवली की घरोघरी आधी कालचं पाणी ओतल्याचा आवाज यायचा. त्या आवाजावरूनच मला कळायचं, की गल्लीच्या टोकापर्यंत पाणी पोचलं. तो आवाज मला फार आवडायचा. त्या पाण्याला काय झालेलं असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

'आमच्यात असंच करतात' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण नात स्वतःच्या बुटांकडे बघत उभी होती.

"काही झालं नव्हतं त्याला," मी म्हणालो. "चांगलं होतं. माझं चुकलं."

बिबवेवाडीला घरी जाताना बसमध्ये नात हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही 'चुकलं' म्हणालात?"

"ऐकू आलं ना? परत म्हणणार नाही."

तिनं माझ्या दंडावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. माझे हात माठाकडे गेले आणि तिथंच थांबले. स्वयंपाकघराच्या दारात नात तोंडात ब्रश धरून उभी होती. मी माठातलं पेलाभर कालचं पाणी घेतलं आणि तिच्यासमोर सगळं प्यायलो.

चूळ भरून ती म्हणाली, "कसं लागतंय?"

"पाण्यासारखं."

तिनं फळीवरचा आपला पेला काढला आणि माझ्यापुढं धरला.