झोया पानासिव्हनांची फुलं

झोया पानासिव्हना कोलोदुब खासदार होत्या आणि मी त्यांची फुलं आणायचे. कागदोपत्री मी खासदारांची सहायक, पण गेल्या तीन वर्षांत माझं मुख्य काम म्हणजे फुलं मोजणं. जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरी गाडीत बसल्याबसल्या त्या दर वेळी विचारायच्या, "मोत्रिया, मोजलीस ना?" मी म्हणायचे, "मोजली हो, दोनदा." मग आम्ही कुणाच्या तरी मुलाच्या दफनाला जायचो.

त्या मूळच्या शाळेतल्या. सुला नदीकाठच्या आमच्या गावात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्याच शाळेत कारकून होते. नवरा पोलंडला कामाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा त्यांचा मुलगा उस्तिम सहा वर्षांचा होता. त्याबद्दल त्यांनी शाळेत कधी चकार शब्द काढला नाही. एका हिवाळ्यात शाळेचा बॉयलर बंद पडला. मुलं कोट घालून वर्गात बसू लागली आणि पालिकेतले लोक 'बघू, करू' म्हणत राहिले. तेव्हा झोया पानासिव्हना अख्खी आठवी घेऊन नगराध्यक्षांच्या उबदार खोलीत गेल्या आणि तिथेच तास घेऊ लागल्या. आम्लं आणि अल्कली, तीन दिवस. चौथ्या दिवशी बॉयलर सुरू झाला. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना पालिकेत पाठवलं आणि आणखी पाच वर्षांनी थेट कीवला, संसदेत.

"तू पण चल," त्या मला म्हणाल्या.

"मला काय कळतंय राजकारणातलं?"

"मला तरी कुठे कळतंय? तुला टाइप करता येतं, मला हजेरी घेता येते. बघू काय होतं ते."

आणि खरंच त्या सभागृहात हजेरी घ्यायच्या. तपकिरी वहीत खुर्च्यांचा नकाशा काढून ठेवला होता. जो नसेल त्याच्या खुर्चीवर पेन्सिलीनं फुली. पहिल्याच वर्षी त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मागच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ ओरडला, "बाई, तास संपला. घरी जाऊन बोर्श्ट टाका चुलीवर!" झोया पानासिव्हनांनी वही उघडली. म्हणाल्या, "तुमच्या रांगेतले अकरा जण गैरहजर आहेत. आधी त्यांच्या पालकांना बोलावून आणा, मग बोर्श्टचं बोलू." त्यांच्या विरोधातलेसुद्धा हसले.

मी एकदा विचारलं होतं, फुली पेन्सिलीनं का, पेननं का नाही? त्या म्हणाल्या, "उशिरा येणारं पोर आलं तर खोडता यायला हवं." उस्तिम शाळेत रोज उशिरा यायचा. आईच्याच तासाला.

मग लढाई सुरू झाली. कायदे बरेच झाले, त्यातला एक त्यांचा. बेपत्ता सैनिकाचं नाव पुराव्याशिवाय मेलेल्यांच्या यादीत घालायचं नाही, सरकारी कागदावर नाही आणि दगडावरही नाही. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण त्यासाठी त्या वर्षभर खपल्या. एकेका सदस्याला जिन्यात गाठलं, तळघरात सायरन संपायची वाट बघताना गाठलं. एकानं तोंडावर सांगितलं, "एवढी घाई कसली? शेवटी सगळे एकाच यादीत येणार आहेत." त्या म्हणाल्या, "येतील तेव्हा येतील. तुम्ही ढकलू नका." कायदा मंजूर झाला. त्या दिवशी बेपत्तांच्या बायकांनी त्यांना अकरा पांढरी शेवंतीची फुलं दिली. मी तीही मोजली होती.

त्यानंतर चार महिन्यांनी आघाडीवर असलेल्या उस्तिमशी संपर्क तुटला. कमांडरचा फोन आला तेव्हा आम्ही गाडीत होतो. त्या "हो, कळलं, हो" एवढंच म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये ठेवला. पुढच्या गावी एकाचं दफन होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गुडघे टेकून बसले होते, त्यात त्याही बसल्या. शवपेटी गेली, उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली. परत येताना पोलीस ठाण्यात थांबून डीएनएसाठी गालाच्या आतला नमुना दिला. कापूस तोंडातून काढल्यावर त्यांनी मला विचारलं, "उद्या किती वाजता आहे?"

तिथपासून त्या तशाच होत्या. रडल्या नाहीत, आजारी पडल्या नाहीत. भाषण मी लिहायचे, चार वाक्यांचं, सगळीकडे तेच. फक्त नाव आणि गाव बदलायचं. कुणी मिठी मारली तर त्या उभ्या राहायच्या, सोडलं की पुढे चालायच्या. कागद समोर ठेवला की सही. पूर्वी स्वल्पविरामावरून माझ्याशी वाद घालणारी बाई आता वाचतसुद्धा नव्हती. मलाही काही वाटेनासं झालं होतं आणि त्याची भीतीही वाटत नव्हती.

उन्हाळ्यात शाळेकडून पत्र आलं. एक सप्टेंबरला, शाळा उघडते त्या दिवशी, लढाईत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची भिंत खुली करायची होती. मुख्याध्यापक फेदिर ओमेल्कोविच यांनी सोबत यादी पाठवली होती. वर लिहिलं होतं 'परत न आलेले'. एकतीस नावं. मी ती आमच्या कागदावर टाइप केली. वर 'शहीद' लिहिलं, कारण सगळीकडे तेच लिहायचे. सतरावं नाव उस्तिम कोलोदुब. खोटं कशाला सांगू, माझी बोटं थांबली नाहीत. नाव दिसलं, आणि मी अठरावं टाइप केलं. कागद झोया पानासिव्हनांपुढे ठेवला. त्यांनी सही केली आणि चहा मागितला.

एक सप्टेंबरला ऊन छान होतं. कार्यक्रम पंधरा मिनिटांत उरकायचा होता, सायरनचा भरवसा नाही. पहिलीची मुलं नवे कपडे घालून उभी होती, शिक्षकांचे हात मुलांनी दिलेल्या फुलांनी भरले होते. माझ्याकडे आठ लाल कार्नेशन. फेदिर ओमेल्कोविचनी पडदा ओढला.

तिसऱ्या ओळीत उस्तिम होता. दहावीतला फोटो, केस न विंचरलेले.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं की तो बेपत्ता आहे, आणि हेही ठाऊक होतं की तो कायदा कुणाचा. फेदिर ओमेल्कोविचचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्या कानाशी कुजबुजले, "तुमच्या ऑफिसची सही होती हो. मला वाटलं, तुम्हाला काही कळलं असेल."

झोया पानासिव्हना फोटोकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी फुलं दिली. त्यांनी ती मोजली, माझ्यासमोर, एकेक करून. आठ. मला वाटलं, त्या एक काढून टाकतील. पण मग बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी सात कशी चालतील? भिंतीसमोर त्यांच्या आया उभ्या होत्या. झोया पानासिव्हनांनी आठही फुलं खाली ठेवली, मधोमध. मग त्या फेदिर ओमेल्कोविचकडे वळल्या.

"यातलं एक मला द्या."

त्यांच्या हातात ॲस्टरची नऊ फुलं होती. एक त्यांनी दिलं, मग उरलेली आठ बघून गडबडले आणि आणखी एक उपसून कोटाच्या खिशात कोंबलं. झोया पानासिव्हनांनी ते जांभळं ॲस्टर उस्तिमच्या फोटोच्या चौकटीत खोचलं. एकच.

भाषण त्यांनी मी दिलेलंच वाचलं. त्यात 'आपले एकतीस' होतं. त्यांनी 'आपले तीस' वाचलं आणि पुढे गेल्या.

नंतर तळघरातल्या वर्गात चहा झाला. फेदिर ओमेल्कोविच हातातली टोपी पिळत आले. "झोया पानासिव्हना, आजच काढतो फोटो. माफ करा."

"भिंतीत खिळा ठोकून बसवलाय ना?"

"हो."

"मग भोक दिसेल. राहू दे. तो आला की त्यालाच काढायला लावा. भोकही त्याच्याकडून बुजवून घ्या."

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "यादीवर सही कुणाची होती?"

"तुमची."

"मी वाचली होती?"

"नाही."

"आणि तू?"

"वाचली होती," मी म्हटलं. मला वाटलं, त्या आता मला घालवून देतील, आणि तेच बरोबर झालं असतं. त्या शेतांकडे बघत राहिल्या. सूर्यफुलं काळी पडली होती. मग पर्समधून तपकिरी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. काय ते मी बघितलं नाही. लिहिलेलं त्यांनी वाचून बघितलं, तेवढं दिसलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आता प्रत्येक यादी मला मोठ्यानं वाचावी लागते, नाव न् नाव. मग सही.

गेल्या आठवड्यात गावी एकाचं दफन होतं. बस स्टँडवरच्या परास्का मावशींकडे फुलं घ्यायला गेले. आज किती म्हणून त्यांनी विचारलं.

"आठ. आणि एक."

"मग नऊ म्हण की, मोत्रिया. वय झालं का तुझं?"

"नऊ नाही, मावशी. आठ एकत्र बांधा. ते एक वेगळं द्या, शाळेत जायचंय."

मावशींनी बादलीतलं सगळ्यात ताजं फूल निवडलं आणि वेगळ्या कागदात गुंडाळलं.