न खोडलेला भगीरथ

लेक पेन्सिली तासायला बसली आणि त्या ओल्या लाकडासारख्या वासानं मला थेट जर्मनीतल्या डार्मश्टाटमधल्या फ्राऊ वेबर यांच्या स्वयंपाकघरात नेलं. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. माझा पीएचडीचा प्रबंध इंग्रजीत होता आणि माझ्या या घरमालकीणबाई इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. त्या पेन्सिलीनं पान न् पान तपासत. माझं एक वाक्य धड सुटत नसे.

शेवटी आभाराचं पान आलं. बाबांच्या कष्टांना मी इंग्रजी वाक्यातही सवयीनं ‘भगीरथ प्रयत्न’ म्हटलं होतं. पेन्सिल थांबली.

‘हा कोण?’

मी ओशाळलो. ‘खोडा ना. आमच्या तोंडी बसलेला शब्द आहे.’

‘आधी गोष्ट सांग.’

पूर्वजांच्या उद्धारासाठी तप करून स्वर्गातली गंगा खाली आणणाऱ्या राजाची गोष्ट मी सांगितली. कॉफी गार होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

‘गेनाऊ! अगदी बरोबर!’ त्या खुशीत म्हणाल्या. ‘इंग्रजही रोज जुन्या नाटकांतलं, बायबलमधलं बोलतात, त्यांना कुठे पत्ता असतो? राहू दे हा. ज्याला कळणार नाही, तो विचारेल.’

तेव्हा वाटलं, बाईंनी माझी चूक पोटात घातली. आज वाटतं, इतका कडक हात नेमका कुठे थांबवायचा हे कळायला केवढी भाषा यावी लागते!

प्रबंध घरी नेला, तेव्हा जेमतेम इंग्रजी येणारे बाबा अक्षरं जुळवत ते पान वाचू लागले आणि त्या एका शब्दापाशी थांबले.

‘हा... मी?’ त्यांनी विचारलं.