साडूचा पाला

माझ्या साडूने जितक्या माणसांचे रक्त काढले तितके वऱ्हाडातल्या कुठल्या दरोडेखोरानेही काढले नसेल, आणि तरी सारे आसेगाव त्याच्यावर जीव टाकायचे. आम्ही दोघेही न्हावी, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि बाजाराच्या दिवशी एकाच निंबाखाली आमची पोती समोरासमोर अंथरलेली. माझा हात असा हलका, की दाढी होता होता गिऱ्हाईक घोरू लागे. त्याला बोलायची खोड, आणि बोलताना हातवारे वस्तऱ्यासकट. गोष्ट रंगात आली की कुणाची तरी हनुवटी कापली जायचीच. मग तो गोष्ट तिथेच थांबवून पागोट्यातून कंबरमोडीची पाने काढायचा, तळहातावर चोळायचा, हिरवा रस जखमेवर पिळायचा आणि चोथा वर दाबून बसवायचा. रक्त थांबायचे. "चिंदी लावली तं काढताना खपली निघते," तो सांगायचा. "पाला आपल्या मनानं गळून पडते. मातीतला हाय, मातीत जाते." लोक माना डोलवायचे. मी समोर रिकामा बसून वस्तऱ्याला धार लावायचो. ज्याला मी कधी कापलेच नाही, तो माझे कौतुक कशाचे करणार?

कंबरमोडी म्हणजे बांधावर, वाटेवर, कुठेही उगवणारे तण. याने ते हौसेने दारात लावले होते. बायको उपटायची, तो पुन्हा लावायचा. शेजारच्या बकरीने शेंडे खाल्ले तर दिवसभर जेवायचा नाही. पाटलाच्या गालाला पाटलाच्याच बांधावरचा पाला मानवतो, असे त्याने खुद्द पाटलाला पटवले होते. तेव्हापासून ते घर माझ्या हातून गेले आणि वर्षभराच्या दाढीबद्दल खळ्यावर मिळणारी ज्वारीही.

कहर झाला तो एका लग्नात. नवरदेवाची दाढी करताना याने हनुवटी कापली आणि पाला चिकटवला. मुलीकडच्यांना वाटले, ही इकडची रीतच असेल, आणि बघता बघता ती रीतच झाली. पुढच्या लग्नसराईत मी एका नवरदेवाला ओरखडाही न काढता उठवले, तर त्याची आई म्हणाली, "पान काहून नाई लावलं?" मी मुकाट्याने बांधावर जाऊन पान आणले. त्या लग्नातले जेवण काही मला गोड लागले नाही.

अशात कडबा तोडताना माझ्या बायकोच्या मनगटाजवळ विळा खोल गेला. मंगरूळचा दवाखाना म्हणजे बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट. ज्या हाताचा मला एवढा गर्व, त्याला धोतराची चिंधी फाडता येईना. ती म्हणाली, "भाऊजीले बलवा." तिचे लुगडे रक्ताने भिजत होते, तरी मला त्या शब्दांचा राग आला. पण धावलो. तो आला तसा बसला, पाला चोळून लावला, वर सावरीचा कापूस ठेवला आणि अंगठ्याने दाबून धरला. ऊन भिंतीवरून उतरले तरी तो अंगठा हलला नाही, आणि पाणी पितानाही बोलणारा हा माणूस एक शब्द बोलला नाही. रक्त थांबले. बायको वाचली म्हणून मी देवाला हात जोडले आणि ती ज्या भरवशाने त्याच्याकडे पाहत होती, ते पाहून आतल्या आत जळलो. दोन्ही एकाच वेळी.

पुढच्या बाजारी तो उठून माझ्या पोत्यावर येऊन बसला आणि दाढी कर म्हणाला. आपली आपण केली की तोंडभर पाला लावावा लागतो, अशी त्याची तक्रार. मी साबण लावला. तो डोळे मिटून हळूच म्हणाला, "साडभाऊ, तुयासारका हात मले भेटला असता, तं म्या पाल्याले हात नसता लावला. समोर बसून तुया हात पाह्यतो आन् रोज जळतो."

माझा वस्तरा त्याच्या गळ्यावर थांबला. मीही जळतो, एवढेच सांगायचे होते. मी म्हणालो, "हालू नको."

त्यानंतर तो शेवटपर्यंत माझ्याकडूनच दाढी करून घेत राहिला. त्याला जाऊनही आता बराच काळ लोटला. निंबाखाली मी एकटाच बसतो, गिऱ्हाइके सगळी माझीच. समोर पाहून जळावे, असे मात्र कुणी उरले नाही.