कागद उचलेपर्यंत

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर माणसांचे चेहरे रंगवले. मुख्याध्यापक, न्यायाधीश, कुणाकुणाचे गेलेले आईवडील. ओळखीच्या कुठल्याही घरात गेलं की भिंतीवरून त्यांच्या हातचं कुणीतरी आपल्याकडे बघत असायचं. डोळे अगदी जिवंत आणलेत, असं लोक म्हणायचे, आणि ते त्यांना आवडायचंही.

सत्तरीला टेकल्या असताना एका डॉक्टरांचं चित्र त्यांनी पूर्ण केलं, ब्रश धुऊन पुसून ठेवले आणि जेवताना सांगून टाकलं की आता चेहरे बंद. हात कापत नव्हता, नजर शाबूत होती. सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला; बंद पडण्यामागे काहीतरी कारण असतंच, असा त्यांचा हिशेब. त्यांना वाटलं, डॉक्टरांशी बिनसलं असेल. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, बसायच्या आधीच मला माहीत असतं शेवटी काय निघणार. समोरचा माणूसच निघणार. दुसरं कोण निघणार?"

थोड्याच दिवसांत बंद पडलेल्या एका कलाशाळेतून हाताने फिरवायचं छापयंत्र घरी आलं. मागच्या खोलीच्या दारातून धड आत गेलं आणि त्याचं मोठं चाक चौकटीत अडकलं. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं ते हेच, असं म्हणत सासऱ्यांनी पेचकस आणला आणि चाक सुटं केलं.

मग सुरू झालं ते आम्हा कुणाच्याच डोक्यात शिरेना. सासूबाई जस्ताच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढायच्या, त्यावर काळी शाई चोळायच्या, फडक्याने ती पुसूनही टाकायच्या. मग ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाखालून काढायचा. चाक जड, त्यांचा खांदा दुखरा. म्हणून ते काम सासऱ्यांकडे आलं. कागद मात्र त्या स्वतः उचलायच्या, एका कोपऱ्याला धरून, अगदी हळू. खाली कधी काळे ढग असायचे, कधी नुसत्या रेघा.

त्यांची चित्रं विकणारे दालनवाले येऊन गेले. बराच वेळ बघून त्यांनी अदबीने विचारलं की यात नेमकं आहे काय. "मलाही कळलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर दुसरा छाप काढतेय." दालनवाल्यांनी चहा संपवला आणि जाताना मला बाजूला घेऊन तब्येतीची चौकशी केली.

एकदा छाप उचलला आणि त्या थबकल्या. वरच्या कोपऱ्यात केसासारख्या बारीक रेघांचा झुबका उमटला होता, वाऱ्यावर निघाल्यासारखा.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

सासरे चाक पुसत राहिले. नंतर त्यांच्याकडूनच कळलं, शेजाऱ्यांचं घड्याळ उघडताना खाली सपाट काहीतरी हवं म्हणून त्यांनी तो पत्रा घेतला होता आणि पेचकस दोन-चारदा निसटला होता. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण सासूबाईंनी कोरा पत्रा पुढे सरकवला. "अहो, पुन्हा करून बघा."

त्यांनी केलं. जपून, तोलून, मापात. छापल्यावर नुसता कंगवा उमटला. मग सासूबाईंनी करून पाहिलं, तोही कंगवाच. दोघं टेबलावर वाकून कितीतरी वेळ जुना छाप आणि नवा छाप ताडून बघत होते. कुकरच्या शिट्ट्या मीच मोजल्या. त्या दिवसापासून सासरे हाक मारायच्या आधीच चाकाशी हजर असायचे.

तो पहिला छाप सासूबाईंनी ठेवला. खाली पेन्सिलीने आपली सही केली आणि पेन्सिल सासऱ्यांकडे दिली. ते नको नको म्हणत राहिले, मग पावतीवर करायचे तशी छोटी, आखडलेली सही त्यांनी केली.

अखेर दालनवाल्यांनी या छापांच्या प्रदर्शनासाठी आतली लहान खोली दिली. माणसं बेताचीच आली. जिच्या आईचं चित्र सासूबाईंनी कधीकाळी रंगवलं होतं, अशी एक बाई हिरमुसून म्हणाली की इथे तर कुणीच नाही. सासूबाईंना ते लागलं. पण चेहऱ्यांकडे काही वळल्या नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सासऱ्यांच्या लक्षात आलं की दाराजवळचा एक मोठा छाप उलटा टांगलाय. दालनवाले ओशाळून शिडी आणायला धावले. सासूबाई मान वाकडी करून बघत होत्या, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "असा मी अजून बघितलेला नाही."

आणि त्यांनी खुर्ची मागवली.