साचे आधी मांडणारे चौगुले सर

चौगुले सरांची आणि माझी पहिली ओळख मी त्यांच्यावर ओरडल्याने झाली. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत मी तेव्हा भट्टी खात्याचा पाळीप्रमुख होतो. जयसिंगपूरहून एसटीने आलेला एक सडपातळ तरुण भट्टीपाशी अगदी खेटून उभा होता.

"ओ पावणं, मागं सरका! रस उडंल अंगावर."

ते सरकले, पण जाईनात. फरशीवर ओळीने मांडलेल्या साच्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "हे सगळे साचे आधीच मांडून ठेवता?"

"मग काय, तापलेला रस घेऊन साचा हुडकत फिरायचं व्हय?"

ते मोठ्याने हसले. पुढे ते माझ्यापेक्षा वयाने लहान असूनही मी त्यांना सरच म्हणत आलो, आणि ते मात्र चारचौघांत मला गुरू म्हणून लाजवत राहिले. सगळे त्या एका वाक्यापायी.

सरांना आमच्यासाठी संगणकाचा प्रोग्रॅम लिहायचा होता. वितळलेल्या लोखंडाचा नमुना तपासून त्यात काय कमी, काय जास्त हे रस ओतायच्या आत पडद्यावर यायला हवे. संगणकाला प्रत्येक आकडा ठेवायला मेमरीत जागा लागते. बहुतेक प्रोग्रॅम आकडा आला की जागा मागतात, मग शोधाशोध होते, आणि तिथेच वेळ जातो. सरांचा प्रोग्रॅम पाळी सुरू होतानाच लागेल तेवढी जागा घेऊन बसायचा. दिवसभर पुन्हा काही मागायचा नाही. तीच जागा रिकामी करून पुन्हा वापरायचा. साचे आधी, रस नंतर. जुनापुराणा संगणक, पण वर्षानुवर्षे कधी अडला नाही.

मला शाळेतला कवितेचा तास आठवायचा. खिडकीतून येणारे तिरपे ऊन, एका सुरात डुलणारा सगळा वर्ग. वृत्तातही अक्षरांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, असे मी सरांना एकदा म्हणालो.

"आणि कविराज, एखादं अक्षर जास्त झालं तर?" सरांनी विचारले.

"चाल मोडते."

"हितं लोखंड मोडतंय," सर म्हणाले.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तेव्हा मी पडद्याला नाक लावून आकडे वाचायचो. सरांनी ते कधी पाहिले कोण जाणे. एका सोमवारी आकडे तळहाताएवढे झालेले. विचारले, तर म्हणाले, "पडदाच जवळ आलाय तुमच्या." एवढेच.

आता कडू भाग. सरांच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात तो लिहू नये असे संपादक मंडळाने सुचवले होते. मी लिहितो आहे.

नवे साहेब आले आणि त्यांनी सरांचा प्रोग्रॅम काढून रंगीत आलेखांचा नवा घेतला. तो प्रत्येक आकड्याला नवी जागा मागायचा आणि काम झाले तरी परत द्यायचा नाही. सकाळी पळायचा, दुपारी रांगायचा. एका दुपारी रसाने भरलेले भांडे क्रेनला लटकलेले आणि पडद्यावर आकडा येईना. रस थंडावला, साचे अर्धवट भरले, सगळा माल भंगारात गेला.

चौकशीत साहेब म्हणाले, "चौगुल्यांचा जुना भाग आत राहिलाय, तोच नडतोय."

जुने काहीच राहिलेले नव्हते. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, दुपारपर्यंत मेमरी भरत्या. मशीन बंद करून चालू करा, धावतंय का न्हाय बघा की."

"तुमचे दिवस गेले, चौगुले."

ठपका सरांवर आला आणि सर घरी बसले. त्यानंतर फौंड्रीत रोज जेवणाच्या सुट्टीत संगणक बंद करून पुन्हा चालू करतात. मुले त्याला 'साहेबांची वामकुक्षी' म्हणतात. म्हणजे सरांचा उपाय रोज वापरायचा, आणि ठपका मात्र तसाच ठेवायचा! आज एकसष्टीला सरांना शाल तेच साहेब देणार, या ग्रंथाच्या पहिल्या पानावर शुभेच्छाही त्यांच्याच.

मी सरांना विचारले, शाल घेणार का? ते म्हणाले, "घेतो की. थंडी हाय. पण ते चौकशीतलं माझं नाव खोडा म्हणावं. पोरगी त्याच धंद्यात हाय, तिला लोक विचारत्यात."

गेल्या पौर्णिमेला मी नृसिंहवाडीला जाऊन आलो. सरांना उत्तम आरोग्य मागितले, कृष्णामाईसारखे वाहते आयुष्य मागितले. मग पायरीवर थांबून आणखी थोडे मागून घेतले. आपल्या साहेब लोकांना चूक कबूल करायला फार वेळ लागतो, देवा. तो दिवस उजाडेल तेव्हा सर स्वतःच्या पायांनी चालत शिरोलीला यावेत, इतके त्यांना जगव.