शेवटी 'टू' येत नाही

"उभी राहा."

मी हेडफोन काढला आणि उभी राहिले. साहेब माझ्या खुर्चीमागे कधी आले, कळलंच नव्हतं.

"आत्ता फोनवर काय म्हणालीस?"

"हूम डू यू विश टू स्पीक टू, सर."

साहेबांनी टेलिफोन बोर्डावरच्या बाकीच्या मुलींकडे पाहिलं. मग सावकाश इंग्रजीत समजावलं. वाक्याच्या शेवटी 'टू' येत नाही. 'फॉर' नाही, 'विथ' नाही. हे हलके शब्द. त्यांनी मधे दबून राहायचं. शेवटची जागा मानाची.

"पण मान कशाला म्हणतात, ते तुमच्या लोकांना कुठून कळणार?"

भिंतीकडे तोंड करून उभी केली मला. 'टू हूम डू यू विश टू स्पीक.' पुन्हा. पुन्हा. चहाची घंटा होईपर्यंत. घसा कोरडा पडला. कुणी हसलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. बंगळूरच्या छावणी भागात कंपनीचं ऑफिस, कारखाना शहराबाहेर. साहेबांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, घरात मराठी. आमच्याही घरात मराठी. अप्पा निपाणीकडून आले ते लष्कराच्या तबेल्यात लीद काढायला. मी मिशनच्या शाळेत शिकले. कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मराठीत विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यानंतर माझ्याशी सगळं इंग्रजीतच; त्यांच्या तोंडून मराठी कधी आली नाही. त्यांच्या 'यू'मध्येही मी 'तुम्ही'ची 'तू' झाले.

साहेबांच्या खोलीतल्या फोनची एक दोरी, म्हणजे वायर, कायम आमच्या बोर्डात खोचलेली असे. आमचं बोलणं ते कधीही ऐकायचे. आधी कानात बारीक 'टक्' व्हायचं. मग कुणाचा तरी श्वास. बोलताना मानेवर काटा यायचा. घरी झोपेतही मी शब्द मागेपुढे करत असे.

त्या दुपारी कारखान्याच्या गेटवरून फोन आला. एक माणूस कन्नडमध्ये ओरडत होता. "अक्का, बेग! बेग!" लवकर, लवकर. प्रेस मशीनमध्ये कुणाचा तरी हात अडकला होता. मागून किंकाळी ऐकू येत होती.

मी कन्नडमध्ये विचारलं, "माणूस शुद्धीवर आहे का?"

टक्.

"इन इंग्लिश," साहेबांचा आवाज आला. शांत. "बिगिन अगेन. प्रॉपरली."

किंकाळी चालूच होती. गेटवरचा माणूस रडायला लागला. साहेबांना ते सगळं ऐकू येत होतं. मला जेवढं, तेवढंच.

"वी आर वेटिंग," साहेब म्हणाले.

मी हात लांब केला आणि त्यांची दोरी बोर्डातून उपसून काढली.

मग इस्पितळ जोडलं. गाडी पाठवायला सांगितलं. गेटवरच्या माणसाशी गाडी येईपर्यंत बोलत राहिले, त्याच्या भाषेत. कामगाराचा हात गेला. माणूस वाचला.

संध्याकाळी साहेबांनी खोलीत बोलावलं. दार मुद्दाम उघडं ठेवलं, मुलींना दिसावं म्हणून. "माफी माग. सगळ्यांना ऐकू जाईल अशी," ते इंग्रजीत म्हणाले.

"आय हॅव नथिंग टू बी सॉरी फॉर."

"फॉर?" साहेबांचे ओठ पांढरे पडले. "फॉरनं वाक्य संपवतेस?"

"हो," मी मराठीत म्हणाले. "संपलं."

इतक्या दिवसांनी मग साहेबही मराठीत बोलले. "राजीनामा दे. नाहीतर या शहरात तुला कोण नोकरी देतो, बघतो. तुझ्या बापाचंही बघतो."

घरी अप्पांना सांगितलं. ते उठून दाराला कडी घालून आले. "ही माणसं सोडत नाहीत, पोरी."

"नसतील सोडत. मी पण सोडत नाही."

राजीनामा मी दिला नाही. सकाळी ऑफिसला गेले, तर रखवालदार नवीन होता. फाटक साखळीनं बंद. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वरून ऑर्डर आहे, अक्का. तुम्हाला आत सोडायचं नाही." रस्त्यापलीकडे दोन माणसं सायकलींना टेकून उभी होती. माझ्याकडेच बघत होती.

कारखान्याकडे जाणारी बस समोरच थांबली. मी चढले. त्या हात गेलेल्या माणसाचे सोबती तिथे पाळीवर येतील. किंकाळी ऐकत साहेब काय म्हणाले, ते मी त्यांना गेटवर उभी राहून सांगणार आहे. कन्नडमध्ये सांगीन, मराठीत सांगीन. साहेब आले तर त्यांच्यासमोर, इंग्रजीतही. आणि भिंतीकडे तोंड करून नाही.