दारूखान्यात परत गेलेला आजा

माझ्या आजाच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती.

बाकीची तीन जव्हारच्या दारूखान्यात गेली.

आणि तरीही तो पुन्हा तिथेच कामाला गेला. स्वतःच्या खुशीनं.

आज आजाची पुण्यतिथी. दरवर्षी स्टेटसला त्याचा फोटो टाकते. एकच आहे, तोही ब्लर. यंदा लिहावंसं वाटलं.

कारण परवा एकानं विचारलं, "इतकी वर्षं केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये? भीती नाही वाटत?"

म्हटलं, वाटते. पण मला माझं काम आवडतं.

तो हसला. आजा हसला नसता.

धर्माआजा जामसरचा. संस्थानचा काळ. पावसाच्या भरवशावर भात, नाचणी, आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम. लग्न झाल्यावर तो जव्हारला करीमचाचांच्या दारूखान्यात लागला.

दारू म्हणजे पिण्याची नव्हे हं. शोभेची.

करीमचाचा पिढीजात आतषबाज. दसऱ्याला राजवाड्यापुढे उडायचे ते बाण, भुईनळे, चक्रं, सगळं त्यांच्याकडचं. हाताखाली आसपासच्या पाड्यांवरची बायामाणसं. शोरा, गंधक, कोळसा कुटायचा, चाळायचा, कागदाच्या नळीत ठासायचा.

सगळं एकाच दगडी खोलीत. दारही एकच.

एका उन्हाळ्यात भरदुपारी ठिणगी पडली. कुठून, ते कधीच कळलं नाही. सगळे दाराकडे धावले आणि दारातच अडकले. आजा आत राहिला.

चाचा बाहेर पोचले होते. ते परत आत शिरले आणि त्याला ओढून आणलं.

कोणी मेलं नाही. आजाची बोटं गेली. चाचांची दाढी जळाली, दोन्ही हात भाजले.

पुढे कित्येक दिवस माझी आजी, काशी, त्याला घास भरवत होती. जखमा भरत आल्या तसा एका सकाळी तो म्हणाला,

"मी कामावर जातूं."

"गेलास तं मी पोशेऱ्याला माहेरी जाईन. परत यायची नाय."

"मना त्या कामात बरा वाटतं गं."

"बोटं गेली, त्याच्यात बरा वाटतं?"

 आजा काही हटत नव्हता. मग आजीच उठली आणि चालत जव्हार गाठलं. थेट चाचांच्या घरी.

चाचा ओट्यावर बसले होते. हातांना फडकी गुंडाळलेली.

"चाचा, माझा नवरा येणार नाय. तुम्हीच त्याला सांगा. माझा ऐकत नाय तो."

चाचा म्हणाले, "बेटी, मी बंदच करतोय. आता दिल होत नाही."

आजी हेच ऐकायला गेली होती. काम झालं. ती निघाली.

वाटेत दारूखाना लागला. जळक्या खोलीबाहेर झाडाखाली कामावरची माणसं बसलेली. काम बंद, तरी रोज येत होती.

आजीनं एका बाईला विचारलं, "काम नाय, तं बसल्याव कशाला?"

ती म्हणाली, "घरी जीव लागत नाय. इथं हातानं कायतरी घडतं गं. दसऱ्याला अख्खा गाव मान वर करून बघतं, ते आमचा असतं."

आजी तिथेच थांबली. तिचा नवरा घरी हेच म्हणत होता, त्याला फक्त असं सांगता आलं नव्हतं.

मग ती आत जाऊन ती खोली बघून आली. आणि परत चाचांकडे गेली.

"बंद नका करू. पण ती खोली पाडा."

"चोराच्या भीतीनं दगडी बांधली होती, बेटी."

"चोराला अडवलात. पळणाऱ्यालाही अडवलात."

 चाचांनी सगळ्या कामगारांना बोलावलं आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, कसं पाहिजे?"

हे सांगताना म्हातारपणीही आजाचा आवाज चढायचा. "पोरी, मालकानी इचारलं! आमाला!"

सगळ्यांनी सांगितलं. कुटायची झोपडी वेगळी, भरायची वेगळी, मधे मोकळी जागा. भिंती कारवीच्या काटक्यांच्या, लाथ मारली की पडतील अशा. दरेक झोपडीला दोन दारं. पाण्याचे रांजण. उन्हाच्या कडाक्यात कुटणं बंद.

जंगलातून कारवी आणून सगळ्यांनी मिळून झोपड्या उभ्या केल्या. आजीनं शेणमातीनं कुडाच्या भिंती लिंपल्या. चाचांनी आजाला डाव्या हातानं बाण भरायला शिकवलं. पुष्कळ वाया गेले, पण चाचा एकदाही चिडले नाहीत.

मी लहानपणी विचारलं होतं, "आजा, भ्या नाय वाटायचा?"

"वाटायचा ना, रोज! भ्या आसला का हात नीट चालतं. पण सांजचा भरलेला बाण बाजूला ठेवला का वाटं, आज कायतरी केला."

त्या वर्षीच्या दसऱ्याला चाचांनी कामगारांच्या घरच्यांना पुढे बसवलं. दिवेलागण झाली आणि पहिला बाण वर गेला. फुटला. हिरवी फुलं खाली येत राहिली. गर्दी ओरडली.

आजीनं विचारलं, "ह्यातला तुझा कंचा?"

"मना काय ठावं! सगळ्यांनी मिळून भरलेत."

आजी हसली. म्हणाली, "उद्या भाकर बांधून देईन. जा कामाला."

संस्थान गेलं तसा दारूखानाही मिटला. पण तोवर तिथे पुन्हा कोणी भाजलं नाही. आजा शेतावर परतला आणि खूप जगला. गेला तेव्हा चाचांचा मुलगा जव्हारहून आला, त्यानं खांदा दिला.

आजा, आज तुला हार नाही घातला. चहा ठेवलाय, तुला आवडायचा तसा, खूप गोड.

निवांत राहा. राम राम.

तुझी पोर